डिब्रूगढच्या रानातली पंगत

यात्रा कंपनीच्या मॅनेजरला लोक दोनच प्रश्न विचारतात: गाडी किती वाजता, आणि चहा कधी. मी जवळजवळ सगळी उमर या दोन प्रश्नांची उत्तरं देण्यात घालवली. हिंदुस्थानातली बहुतेक तीर्थं पाहिली असं लोक माझ्याबद्दल म्हणतात. खरं सांगायचं तर मी तीर्थांच्या बाहेरची बाजू पाहिली. लोक गाभाऱ्यात असताना मी चपला सांभाळत असे, नाहीतर परतीच्या टांग्यांशी हुज्जत घालत असे.

मॅनेजर हे नाव भारी आहे, म्हणून काम सांगून टाकतो. उज्जैनला फ्रीगंजात एका खोलीत आमचं ऑफिस होतं. मालक वरचेवर आजारी, त्यामुळे सगळं माझ्यावर. रेल्वेचा डबा आधीपासून बोलून ठेवायचा, प्रत्येक मुक्कामी धर्मशाळा, विहीर आणि लाकूडफाटा बघायचा, आचारी, भटजी बरोबर घ्यायचे. कुणाला सोवळ्यातलं पाणी लागतं, कुणाला दोन वेळा चहा, कोण कुणाशेजारी बसणार नाही, हे सगळं डोक्यात ठेवायचं. माणूस घरातून देवाला जायला म्हणून निघतो आणि स्टेशनवर पोचेपर्यंत खिडकीसाठी भांडायला लागतो. त्यात त्याचा दोष नाही. इतक्या लांब जायचं म्हणजे भीती वाटते, आणि भीती वाटली की माणसाला खिडकी हवी असते.

नमुने तर किती! एक गृहस्थ होते, गयेला आवडती वस्तू सोडायची असते म्हणून त्यांनी कारलं सोडलं. त्यांच्या बायकोने तिथल्या तिथे जाहीर केलं की हे जन्मात कारलं खात नाहीत. मग पंड्याने त्यांना श्रीखंड सोडायला लावलं. परतीच्या वाटेवर ते माझ्याशी बोलले नाहीत, जणू पंडा मीच आणला होता. म्हणजे आणला मीच होता, पण ते वेगळं.

पण लिहायला बसलो की आसामची फेरी आठवते, बाकीच्या मागे पडतात.

राज्यपुनर्रचनेची चर्चा जोरात होती तो हिवाळा. उज्जैन कुठे जाणार, राजधानी कुठे होणार, यावर डब्यात रोज एक लढाई. आमच्याबरोबर शाळाखात्यातले एक निवृत्त इन्स्पेक्टरसाहेब होते. ते म्हणत, "मी नोकरीला लागलो संस्थानात, पेन्शनीत निघालो मध्यभारतातून, आणि आता म्हणे मरणार तिसऱ्याच राज्यात. मी एका जागी बसून आहे, सरकारच यात्रेला निघालंय." हे साहेब चहासाठी शिप्रेचं पाणी बरोबर घेऊन निघाले होते. अलाहाबादच्या पुढे ते पाणी हिरवं झालं. तरी ते दोन दिवस त्याचाच चहा पीत होते.

काशी, गया, कलकत्ता, कामाख्या, आणि ज्यांची इच्छा असेल त्यांनी पुढे ब्रह्मपुत्रेतून बोटीने डिब्रूगढपर्यंत, अशी ती यात्रा होती. डिब्रूगढला तीर्थ काही नाही. ते शेवटचं टोक मी यात्रेला जोडलं ते माई निगुडकरांमुळे.

माई आमच्याच गल्लीतल्या. नवरा लवकर गेलेला. एकुलता एक मुलगा दत्तू. लढाईच्या दिवसांत एका ठेकेदाराकडे स्टोअरकीपर म्हणून आसामात गेला. डिब्रूगढच्या पुढे रानातून ब्रह्मदेशाकडे सडक काढत होते, तिथे. दोन-तीन पत्रं आली, मग बंद. ठेकेदार म्हणाला, रानात गेला तो वापस आला नाही. ताप, दरड, बाँब, काय झालं कुणाला मालूम नाही. घरात उरल्या माई आणि सून शालिनीवहिनी. वहिनी लग्नानंतर वर्षभरच नवऱ्याजवळ राहिल्या असतील. त्यांचं माहेर रामघाटाच्या वरच्या अंगाला, वडील भिक्षुकी करत. पुढे वहिनी शिकल्या, मुलींच्या शाळेत शिक्षिका झाल्या. कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू लावत. गल्लीतल्या बायका त्यांना हळदीकुंकवाला बोलवत. पण वर्षं जात होती तशी कुंकू लावताना बायकांची बोटं जरा थबकायला लागली होती.

एक दिवस माई ऑफिसात आल्या. बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या.

"अण्णा, दत्तूला जाऊन आता बारा वर्षं होतात. पळसाचा विधी करून टाकायचा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माणूस परागंदा झाला आणि बारा वर्षं त्याची काही खबर नाही, तर तो गेलाच असं धरतात. देह तर नाही. म्हणून पळसाची पानं देठांसकट घेऊन त्यांचा माणूस रचायचा. हाताची जुडी वेगळी, पायाची वेगळी, छातीची वेगळी, आणि डोक्याच्या जागी नारळ. त्याला अग्नी द्यायचा आणि मग रीतसर दिवस करायचे. त्या माणसाला त्यानंतर पाणी मिळतं, आणि त्याच्या बायकोचं कुंकू त्याच दिवशी पुसलं जातं.

"इथे घाटावर केलं तर सगळं उज्जैन गोळा होईल," माई म्हणाल्या. "आणि शालू उभी राहणार नाही, मला पक्कं मालूम आहे. तिथेच करू. तो जिथे गेला तिथलंच पाणी त्याला मिळू दे. तुझे भटजी, रामभट, बरोबर असतीलच. तू फक्त एक दिवस त्या रानात न्यायचं बघ. तिला काही सांगू नको."

"माई, हे जबरदस्तीचं होईल."

"मग काय करू? गयेला सगळे आपापल्या माणसांना पिंड देतील, आणि माझा पोरगा बाहेर उभा? ना जिवंतात, ना मेलेल्यांत. मला रोज जेवताना पहिला घास गिळत नाही, अण्णा."

माई म्हणत होत्या ते खरं होतं, आणि वहिनींचं कुंकूही खरं होतं. मी मॅनेजर माणूस. मी डिब्रूगढपर्यंतची चौकशी सुरू केली.

निघताना माईंच्या सामानात एक काळी लोखंडी ट्रंक होती. किल्ली सदैव कमरेला. वाटेत सामान तपासायला पोलीस आले तेव्हा माईंनी ती ट्रंक स्वतः उघडून, स्वतः बंद केली, किल्ली कुणाच्या हातात दिली नाही. पानं त्यात होती हे माई, रामभट आणि मी, तिघांनाच ठाऊक.

गयेला माईंनी नवऱ्याचं नाव सांगितलं, सासू-सासऱ्यांचं सांगितलं. पंड्याने विचारलं, "और कोई, माताजी?" माई थांबल्या. मग म्हणाल्या, "नाही." शालिनीवहिनी मागे उभ्या होत्या. त्यांनी माईंकडे पाहिलं आणि मग फल्गूच्या वाळूकडे पाहत राहिल्या.

गोहाटीहून बोटीचा प्रवास काही दिवसांचा. आमच्या शिप्रेत एका काठावर हाक मारली तर दुसऱ्या काठावरून उत्तर येतं. ब्रह्मपुत्रेला दुसरा काठ सकाळभर दिसतच नसे, सगळं धुकं. बोटीच्या टोकाशी एक खलाशी लांब बांबू पाण्यात टाकून खोली ओरडून सांगे, गाण्यासारखी. जरा चुकलं की बोट वाळूत रुतणार. इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले, हा बरा मनुष्य आहे, समोर काय आहे ते कळत नाही हे मान्य करून काम करतो. बोटीच्या तळाशी पाणी शिरून आमच्या पत्रावळींचा गठ्ठा भिजला, ते मात्र त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही.

डिब्रूगढ बघून आमच्या मंडळींची तोंडं उतरली. शहर चांगलं, दुकानं, बंगले, चहाच्या कंपन्यांची ऑफिसं. पण नदी गाव खात होती. काठावरच्या एका घराची अर्धी भिंत पाण्यात गेली होती आणि उरलेल्या अर्ध्या भिंतीवरचं कॅलेंडर वाऱ्यावर हलत होतं. आम्ही उतरलो ती धर्मशाळा एका मारवाड्याची, काठापासून लांब. लोक सांगत, आधी इथे बाजार होता, आधी इथे शाळा होती, आणि पाण्याकडे बोट दाखवत.

संध्याकाळी ओसरीवर सगळे बसले असताना आमचा आचारी बद्रीलाल, बडनगरकडचा, भिजका गठ्ठा घेऊन आला.

"बाबूजी, पत्तलां तो सगळी सड़ी गी. अबे कई करां?"

रानात न्यायला लाकडाच्या वखारीतला हरेन म्हणून एक माणूस ठरवला होता, तोही तिथेच होता. तो हसून म्हणाला, "केला का पत्ता है ना, बाबू. जितना मांगो." खरंच होतं, तिथे घरोघरी केळी. मी म्हटलं, झालं तर, उद्या केळीची पानं. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी वखारीच्या ट्रकमधून आम्ही निघालो. यायला तयार झाली ती मोजकीच मंडळी; बाकीच्यांनी वाघाच्या भीतीने धर्मशाळेतच विष्णुसहस्रनाम धरलं. चहाचे मळे संपले आणि रान सुरू झालं. माळव्यातल्या माणसाला आभाळ चारी बाजूंनी लागतं. इथे ते वर कुठेतरी चिंध्याचिंध्यांत दिसत होतं. झाडं सरळ, फांदी फुटायची ती पार उंचावर. हरेन त्यांना होलोंग म्हणत होता. त्यांच्याखाली दुसरी झाडं, त्यांच्याखाली वेत, त्याखाली नेचे, आणि सगळ्याला ओल. पाऊस नव्हता तरी पानांतून थेंब पडत होते. एकदम वरून कुणीतरी हाकारे घातल्यासारखा आवाज उठला, एकातून दुसरा, सगळं रान ओरडायला लागलं. रामभटांनी जानवं धरलं. हरेन म्हणाला, "हुलूक बंदर है, घर का झगड़ा करता है." मग आमची मंडळी जरा हसली.

इन्स्पेक्टरसाहेबांना भान नव्हतं. ते म्हणाले, "इथे माणूस हरवला तर सापडायचा कसा?" मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते चष्मा पुसायला लागले.

पुढे हरेनने ती सडक दाखवली. म्हणजे सडक होती ती जागा. लढाई संपली, साहेब गेले, रानाने आपली जमीन वापस घेतली. एक लष्करी ट्रक उभा होता, टायर नाहीत, काचा नाहीत, सगळा वेलींनी भरलेला. पुढच्या भागातून, इंजिनाच्या जागेतून, झाड वर गेलं होतं, माझ्या मांडीएवढं जाड.

माईंनी हरेनला विचारलं, "भैया, यहाँ का आदमी लोग... जो मर गया... उसका कुछ निशान?"

हरेन म्हणाला, "यहाँ बहुत आदमी गया, माई. सब मुलुक का. नाम कौन जानता है."

शालिनीवहिनी त्या ट्रकपाशी गेल्या. बारा वर्षांचं झाड. त्यांनी खोडावर हात ठेवला आणि वर शेंड्यापर्यंत बघितलं. रडल्या नाहीत. मला त्या वेळी फार वाईट वाटलं, आणि कुणासाठी ते ठरवता येईना.

जवळच एक ओढा होता, स्वच्छ, गार. रामभटांनी जागा हेरून ठेवली. मंडळींना म्हणालो, आधी जेवून घ्या. बेत असा होता की जेवणानंतर मी बाकीच्यांना हरेनबरोबर पुढे फिरायला नेणार, आणि मागे माई, वहिनी आणि रामभट राहणार.

बद्रीलालने खिचडी, वांग्याची भाजी केली होती. पानं मांडायला लागला तेव्हा मी बघितलं, आणि माझ्या हातातलं पाण्याचं भांडं तसंच राहिलं. केळीची पानं नव्हती. पळसाच्या पत्रावळी होत्या. ताज्या टाचलेल्या, काड्या नीट खोचलेल्या, पानांचे देठ खुडून टाकलेले.

"या कुठून आल्या?" मी विचारलं.

"भाभीजी ने बनई," बद्रीलाल म्हणाला. "सबेरे से बैठी थी."

शालिनीवहिनी पंगतीत मीठ वाढत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, केळीची पानं होती की."

"होती," त्या म्हणाल्या. "पण इतक्या लांब आलोय अण्णा, म्हटलं एक दिवस घरच्या पानावर जेवू. माईंच्या ट्रंकेत होती, फालतू सुकून चालली होती."

मंडळी एकदम खूष. इन्स्पेक्टरसाहेबांनी पान नाकाशी धरून वास घेतला, म्हणाले, माळवा आला. रामभट पांढरे पडले होते. मी माईंकडे पाहायला धजत नव्हतो, तरी पाहिलं. माई पाय धुऊन पाटावर बसल्या होत्या. त्यांनी समोरच्या पत्रावळीवर हात फिरवला, बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग पानाभोवती पाणी फिरवलं आणि जेवायला लागल्या. पहिला घास गिळला. दुसरा गिळला. सगळं पान चाटूनपुसून जेवल्या.

जेवणं झाली. मी मंडळींना हलवायचं विसरून गेलो होतो. रामभट माईंजवळ जाऊन हळूच म्हणाले, "माई, पानं गेली तरी हरकत नाही. शास्त्रात दर्भाचाही माणूस सांगितला आहे. दर्भ आहे माझ्याजवळ. नारळ आहे."

वहिनी दोन हात अंतरावर उभ्या होत्या. त्यांना ऐकू गेलंच. हातातल्या मिठाच्या वाटीतलं मीठ थोडं थोडं खाली सांडत होतं.

"नको," माई म्हणाल्या.

"अहो, पण इथवर आलो..."

"दत्तूने सगळ्यांना जेवू घातलं. पोटभर जेवलात ना तुम्ही? मग झालं." आणि नारळ काढून बद्रीलालपुढे धरला. "फोड हा. सगळ्यांना खोबरं दे."

बद्रीलालला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने दगडावर नारळ फोडला. हरेन म्हणाला की उष्टं असं टाकून जाऊ नका, हत्ती येतात, जाळून टाका. तेव्हा बद्रीलालने सगळ्या पत्रावळी गोळा करून ओढ्याच्या काठी पेटवल्या. ओल्या होत्या, आधी नुसता धूर, मग एकदम ज्वाळा उठली. माई उठल्या, गडूत ओढ्याचं पाणी घेतलं आणि त्या जाळाच्या कडेने सावकाश धार सोडली.

रामभटांना राहवलं नाही. "माई, उष्टी पानं आहेत ती. याला विधी म्हणत नाहीत."

"मग मी कुठे म्हणते?" माई म्हणाल्या.

परत येताना ट्रकमध्ये सासू-सून शेजारी शेजारी बसल्या होत्या. खड्डा आला की माई वहिनींचा दंड धरत. उज्जैनला पोचलो तेव्हा वहिनींचं कुंकू होतं तसं होतं. गल्लीत विचारणाऱ्यांना माई सांगत, "काही खबर नाही लागली," आणि ते खरंच होतं. पुढे राज्य बदललं, बोर्ड बदलले, इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले होते तसे तिसऱ्या राज्यात वारले. वहिनी हेडमिस्ट्रेस झाल्या. माई त्यांच्याजवळच राहिल्या, शेवटपर्यंत.

माझी समजूत अशी होती की वहिनींकडून नकळत घडलं, आणि माईंनी ते देवाची इच्छा म्हणून घेतलं. ही हकीकत मी यात्रेकरूंना कधी सांगितली नाही. सांगायची झाली असती तर अशीच सांगितली असती. पंचवीस-तीस वर्षं माणसं नेली आणि आणली, पण ती मनात काय घेऊन निघाली आणि काय टाकून आली, हे विचारायची मला सवय लागली नाही. धंद्यात ते चालत नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

माई गेल्या तेव्हा मी भेटायला गेलो. दिवस झाल्यावर. वहिनी एकट्याच होत्या, चहा केला. बोलता बोलता आसामचा विषय निघाला. मी म्हटलं, "वहिनी, पत्रावळी टाचताना ती पानं कशासाठी आणली होती ते तुम्हाला ठाऊक होतं का?"

त्या हसल्या. "अण्णा, माझे वडील रामघाटावर हेच करायचे. लहान होते तेव्हा हातांच्या, पायांच्या जुड्या मी बांधून द्यायची. ट्रंक उघडली आणि मला सगळं कळलं. म्हणून तर सगळे देठ खुडून टाकले मी."

"आणि माईंना?"

वहिनी उठल्या, आतून काळी ट्रंक ओढून घेऊन आल्या. कुलपात किल्ली तशीच होती.

"त्या संध्याकाळी बद्रीलाल म्हणाला ना, पत्रावळी सडल्या? सगळे उठून गेल्यावर माईंनी ही किल्ली कमरेची काढली आणि माझ्या हातात ठेवली. मी मागितली नव्हती. म्हणाल्या, बघ, तुझ्या उपयोगाचं काही आहे का."